२३व्या वर्षी मॅट्रिक, ५८व्या वर्षी विद्यापीठ, १००व्या वर्षी भारतरत्न. धोंडो केशव कर्वेंनी काम कसं केलं?

मोबाईल उघडला की कुणीतरी २५व्या वर्षी परदेशात नोकरीला लागलेलं असतं. कुणी २८व्या वर्षी फ्लॅट घेतलेला असतो, कुणी तिशीच्या आत स्वतःची कंपनी काढलेली असते. आणि आपण? आपण अजून स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या अटेम्प्टला बसलोय, नाहीतर मनात नसलेल्या नोकरीत पाट्या टाकतोय. मग वाटायला लागतं की आपली गाडी सुटली.

असं वाटत असेल तर आज एका माणसाची गोष्ट वाचाच. हा माणूस मॅट्रिक झाला तेव्हा २३ वर्षांचा होता. घरात बायको होती, पहिलं मूल होणार होतं. बोलायला लाजाळू, तब्येतीनं किरकोळ, खिशात पैसा नाही, ओळखीपाळखीही नाहीत. त्याच माणसानं पुढे भारतातलं महिलांचं पहिलं विद्यापीठ उभं केलं आणि १००व्या वर्षी भारतरत्न मिळवलं.

पुण्यात राहणारे लोक त्यांचं नाव रोज घेतात, पण बहुतेक वेळा ट्रॅफिकला शिव्या घालताना. कर्वे रोड, कर्वे पुतळा, कर्वेनगर. ते हेच महर्षी धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणायचे.

त्यांच्या समाजकार्याबद्दल शाळेच्या पुस्तकात आपण चार ओळी वाचलेल्या असतात. आज आपण बघणार आहोत ते थोडं वेगळं. हा माणूस काम करायचा कसा? त्याच्या सवयी काय होत्या? आणि त्या सवयींची किंमत कुणी मोजली?

शंभर मैल चालले आणि दारातूनच परत आले

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी ते जन्मले, पण बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडमध्ये. घरची परिस्थिती बेताची होती. गावातल्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. या गुरुजींनी मुलांना पुस्तकाच्या बाहेरचंही जग दाखवलं. गावकऱ्यांना देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम लहानगा धोंडू करायचा. सार्वजनिक कामाची पहिली गोडी त्याला इथेच लागली.

त्या काळी मराठी सहावीची एक परीक्षा असायची. ती पास झाली की शाळेत मास्तरकी किंवा सरकारी कारकुनी मिळायची. कोकणातल्या गरीब घरातल्या मुलासाठी ती आजच्या एमपीएससीइतकीच मोठी गोष्ट होती. १८७५ साली त्या परीक्षेचं केंद्र होतं साताऱ्याला.

मुरूड ते सातारा म्हणजे मध्ये अख्खा सह्याद्री. एसटी नाही, रेल्वे नाही, दिवस पावसाचे. १७ वर्षांचा धोंडू चार-पाच सोबत्यांबरोबर पायी निघाला. घाट चढून, ओढे ओलांडून शंभर मैलांहून जास्त अंतर चालून ही पोरं साताऱ्याला पोहोचली. परीक्षेला बसण्यासाठी वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागत. धोंडूचं वय तेवढं होतं, पण अंगकाठी इतकी लहान की परीक्षा घेणाऱ्या साहेबांना ते पटेना. वय कमी दिसतंय एवढ्या एका कारणावरून त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिलं नाही.

जरा विचार करा. पेपर अवघड गेला असता तर निदान अभ्यास कमी पडला असं म्हणता आलं असतं. इथे पेपर हातातच आला नाही. सोबतचे परीक्षेला बसले आणि हा तेवढाच रस्ता तुडवत घरी परतला.

घरी येऊन त्यानं नशिबाला दोष देत वर्ष घालवलं असतं तरी कुणी काही बोललं नसतं. त्यानं पुढच्या वर्षी परत परीक्षा दिली आणि पास झाला. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर रडत बसायचं नाही आणि हातात असलेलं काम पुन्हा करायचं, ही त्यांची सवय इथून दिसायला लागते.

उशीर झालाय हे माहीत होतं, तरी शिकायला बसले

मराठी शिक्षण झालं, आता इंग्रजी. बरोबरीची मुलं कमवायला लागली होती, तेव्हा अण्णा इंग्रजी शाळेत आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसले. त्याआधीच, १४व्या वर्षी, त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचं राधाबाईंशी लग्न झालेलं होतं. मुंबईला येऊन ते १८८१ साली मॅट्रिक झाले. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. हाच मुलगा म्हणजे पुढे संततिनियमनासाठी झगडलेले र. धों. कर्वे.

१८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजमधून अण्णांनी गणित घेऊन बी.ए. केलं. तेव्हाचा बी.ए. म्हणजे सरकारी खात्यात चांगली नोकरी जवळपास ठरलेली. पण अण्णांनी मास्तरकी धरली. मुंबईतल्या वेगवेगळ्या शाळांमध्ये गणिताचे तास आणि त्याच्या जोडीला खासगी शिकवण्या असा त्यांचा दिवस असायचा. पहाटे उठायचं, पायी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं आणि संध्याकाळपर्यंत शिकवत राहायचं. आजच्या भाषेत एकाच वेळी तीन-चार पार्टटाइम नोकऱ्या.

या पैशातून ते घर चालवायचे आणि नात्यातल्या हुशार पोरांना जवळ ठेवून शिकवायचे. त्यातही मिळकतीतला एक वाटा ते बाजूला काढून ठेवत. गावाच्या कामासाठी त्यांनी मुरूड फंड सुरू केला होता, त्यात हे पैसे जात. म्हणजे आधी भरपूर कमावू आणि मग कधीतरी समाजासाठी करू, असा त्यांचा हिशोब नव्हता. पगार लहान असताना लागलेली ही सवय पुढे लाखोंचे निधी हाताळताना कामाला आली.

टिळकांच्या जागेवर उभं राहायचं होतं

१८९० साली लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. टिळक फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, त्यामुळे गणिताला माणूस हवा होता. गोपाळ कृष्ण गोखले अण्णांचे एल्फिन्स्टनमधले ओळखीचे. त्यांनी अण्णांना बोलावणं पाठवलं आणि १८९१ साली अण्णा पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले.

मुंबईत शिकवण्या करून पैसे जास्त मिळाले असते. फर्ग्युसनमधल्या आजीव सदस्यांनी कमी पगारात वर्षानुवर्षं काम करायचं असा तिथला रिवाज होता. अण्णांनी तो मान्य केला आणि १९१४ पर्यंत तिथं शिकवलं. म्हणजे पुढे आपण त्यांची जी कामं वाचणार आहोत, त्यातली बरीचशी त्यांनी पूर्णवेळ नोकरी सांभाळून केली आहेत.

याच फर्ग्युसनमधली एक गोष्ट नोकरी करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. अण्णांनी नात्यातल्या ज्या मुलांच्या शिक्षणाला हात दिला, त्यात रघुनाथ परांजपे नावाचा मुलगा होता. हा मुलगा केंब्रिजला गेला, १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाला आणि परत येऊन फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. आपण बोट धरून शिकवलेला मुलगा आता आपला साहेब. आपल्यापेक्षा ज्युनियर माणसाला प्रमोशन मिळालं की ऑफिसात काय होतं हे आपल्याला माहीत आहे. अण्णा त्याच कॉलेजात, त्याच परांजप्यांच्या हाताखाली आणखी बारा वर्षं गणित शिकवत राहिले. आणि पुढे महिला विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले ते हेच रँग्लर परांजपे.

लग्न केलं आणि गावानं दार बंद केलं

पुण्याला येण्याच्या सुमारास, १८९१ मध्येच, राधाबाई वारल्या. वय तेहतीस, पदरात मुलगा. त्या काळी अशा विधुर माणसासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुली सांगून येत. आणि त्याच समाजात आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा झाली तर तिचं केशवपन करायचे, तिनं आयुष्यभर लाल आलवण नेसून स्वयंपाकघराच्या अंधारात राबायचं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण तो कागदावर.

अण्णांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालवयातच विधवा झालेली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणारी ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, घरातले लोक त्यांना बाया म्हणायचे.

नवी जोडी मुरूडला गेली तेव्हा गावानं बहिष्कार घातला. अण्णांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू, असा ठराव झाला. ज्या गावासाठी ते पगारातून पैसे बाजूला काढायचे, त्याच गावात त्यांना स्वतःच्या आईच्या घरी राहता येईना.

त्याच वर्षाच्या शेवटी अण्णांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. सुट्ट्या लागल्या की ते गावोगाव फिरायचे, माणसं जोडायचे, वर्गणी गोळा करायचे. पण तीन वर्षं हे काम केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की असे विवाह होऊन होऊन किती होणार? घरोघर शेकडो विधवा आहेत. लग्न होवो न होवो, त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे आणि त्यासाठी शिक्षण पाहिजे.

म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी सुरू केली. ध्येय जुनंच, मार्ग बदलला. पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम या दोन गोष्टी त्यांनी कटाक्षानं वेगळ्या ठेवल्या. नाहीतर सनातनी घरांनी आपल्या लेकी-सुना शिकायला पाठवल्याच नसत्या. यावरून काही सुधारक त्यांच्यावर नाराजही झाले. पण मुली शिकायला येणं महत्त्वाचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

कॉलेज सुटलं की हिंगण्याची वाट

सुरुवातीला आश्रम पुण्यातच भाड्याच्या जागेत होता. मग शहरात प्लेगनं थैमान घातलं. शहराबाहेर हिंगण्याला रावबहादूर गोखल्यांनी सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. आश्रम कसला, एक साधी झोपडी आणि त्यात राहणाऱ्या मोजक्या विधवा मुली. आज कर्वेनगरात जागेचे भाव ऐकून चक्कर येते, तेव्हा तिथं आजूबाजूला नुसतं रान होतं. रस्ता नाही, दिवे नाहीत.

रानात मुली एकट्या कशा राहणार? म्हणून अण्णांनी एक दिनक्रम आखला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं. कॉलेज सुटलं की लागणारं सामान बरोबर घ्यायचं आणि काही मैल चालत हिंगणं गाठायचं. संध्याकाळी मुलींना शिकवायचं, रात्री तिथंच झोपायचं. सकाळी उठून परत चालत कॉलेजात हजर. पावसाळ्यात वाटेत गुडघाभर चिखल व्हायचा, तरी त्यांचा क्रम चुकला नाही.

आपण काम सुरू करताना ज्या गोष्टींची वाट बघतो, त्यातली एकही त्यांच्याकडे नव्हती. भांडवल नव्हतं, मोकळा वेळ नव्हता, घरातून येण्या-जाण्याची सोय नव्हती. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर राहणं एवढंच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं. सगळ्या मोठ्या कामाचा पाया एवढाच होता, हे वाचायला सोपं वाटतं. एक महिना रोज न चुकता काही मैल चालून बघा म्हणजे कळतं.

पैशाच्या बाबतीतही हाच प्रकार. अण्णा काही फर्डे वक्ते नव्हते. सभा गाजवणं त्यांना कधी जमलं नाही. पण ते दारोदार जायचे, शांतपणे काम समजावून सांगायचे आणि कुणी चार आणे दिले तरी तेवढ्याच आदरानं घ्यायचे. जमाखर्च चोख ठेवायचे. पहिल्यांदा ज्यानं हाकलून दिलं त्याच्याकडेही काही दिवसांनी परत जायचे. हळूहळू लोकांना कळलं की या माणसाच्या हातात दिलेला पैसा कामालाच लागतो. त्यांचं भांडवल हेच होतं.

या सगळ्याची किंमत कुणी मोजली?

अशा गोष्टी सांगताना एक बाजू नेहमी राहून जाते, ती म्हणजे घरची.

अण्णांनी आपली साठवलेली पुंजी आश्रमाला दिली. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. म्हणजे उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर बायको-मुलांच्या हातात काहीच आलं नसतं. बायाला याचा राग आला आणि तो अगदी रास्त होता. घरात वाढती मुलं, नवरा रात्री हिंगण्याला, पगाराचा मोठा वाटा दुसरीकडे, वर समाजाचा बहिष्कार. संसाराचा गाडा तिनं ओढला. पुढे तिनं आपलं आत्मचरित्र लिहिलं, माझे पुराण. त्यात तिनं हे सगळं मोकळेपणानं मांडलं आहे. संतासारख्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर ते पुस्तक वाचायलाच हवं.

आणि बाया नुसती कुरकुरत बसली नाही. तिनंही अण्णांच्या कामासाठी फिरून वर्गणी गोळा केली. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा. ती आश्रमात आली, शिकली आणि पुढे आश्रमाचा कारभार बघू लागली. इंग्रजीचा फारसा गंध नसताना ती काही वर्षांनी थेट अमेरिकेला गेली आणि तिथं मिळेल ते काम करत आश्रमासाठी निधी जमवला.

त्यामुळे कर्वेंचं यश एकट्या कर्वेंचं नाही. त्यांच्या मेहनतीमागे या दोघी बहिणींची आणि आपला पूर्ण वेळ देऊन राबणाऱ्या अनेक सहकाऱ्यांची मेहनत आहे. आज कुणी चौदा-चौदा तास काम करण्याच्या गप्पा मारत असेल, तर त्याच्या घरी डबा कोण भरतंय आणि मुलांना कोण बघतंय हेही विचारायला हवं. झोकून देऊन काम करावं, पण त्या कामाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत नाही ना, हे तपासावं. अण्णांच्या आयुष्यातून घेण्यासारखं जितकं आहे, तितकंच सावध होण्यासारखं हे आहे.

रिटायरमेंटच्या वयात विद्यापीठ

१९०७ साली अण्णांनी विधवांबरोबर इतर मुलींसाठीही महिला विद्यालय सुरू केलं. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचं नाव झालंच असतं. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय ५६.

याच सुमारास त्यांच्या हातात जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. पुस्तिका वाचता वाचता त्यांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. १९१५ साली मुंबईत सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते, तिथं त्यांनी ही कल्पना मांडली. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारं स्वतंत्र विद्यापीठ. अनेकांना ही कल्पना अवेळी वाटली. मुलींच्या शाळाच पुरेशा नाहीत, तिथं विद्यापीठ कुठून काढताय, असा सूर होता. सरकारी मान्यता नसलेल्या पदवीला विचारतंय कोण, हाही प्रश्न होताच.

१९१६ साली विद्यापीठ सुरू झालं. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. आज एखाद्या पेजला पहिल्या महिन्यात पाच फॉलोअर मिळाले तर आपण पेज बंद करतो. ५८ वर्षांच्या अण्णांनी पाच मुलींच्या विद्यापीठासाठी भारतभर फिरून निधी गोळा करायला सुरुवात केली. पुन्हा तेच, लहान लहान वर्गण्या, शेकडो दारं, चोख हिशोब.

चार वर्षं असं काम झाल्यावर १९२० साली मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्या काळचे १५ लाख! त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाचं नाव झालं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे आपलं एसएनडीटी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की एका रात्रीत नशीब फळफळलं. पण देणगी मिळाली तेव्हा दाखवायला चालू असलेली संस्था होती, शिकणाऱ्या मुली होत्या आणि वीस-पंचवीस वर्षांची विश्वासार्हता होती. नुसत्या कल्पनेला कुणी १५ लाख देत नाही. विद्यापीठाला कायद्यानं मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवर ते मान्यतेशिवाय चालत राहिलं.

सत्तरीनंतरची इनिंग

१९२९ साली, सत्तरी गाठल्यावर, अण्णा जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप, अमेरिका, जपान. शिक्षण परिषदांमध्ये आपल्या कामाची माहिती दिली, तिथल्या संस्था पाहिल्या आणि जिथून कल्पना मिळाली ते जपानचं महिला विद्यापीठही बघून आले. परत आल्यावर लगेच आफ्रिकेचा दौरा केला. हे दौरे फिरण्यासाठी कमी आणि विद्यापीठाला मदत मिळवण्यासाठी जास्त होते.

७८व्या वर्षी त्यांनी खेड्यांमधल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली. ज्या गावांमध्ये सरकारी शाळा नव्हत्या तिथं शाळा सुरू करायच्या, हा तिचा उद्देश. विद्यापीठ उभारलेला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळला होता. पंचाऐंशी पार केल्यावर जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी समता संघ सुरू केला.

१९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरी पूर्ण झाली तेव्हा, भारतरत्न. त्याच वर्षी टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. हयात असताना टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते १०४ वर्षांचे होते.

हिंगण्याच्या त्या झोपडीच्या जागी आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा मोठा परिसर आहे. तिथं मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा आहे. ज्या वाटेनं अण्णा सामान घेऊन चालत जायचे, त्या वाटेनं आज हजारो मुली लॅपटॉपची बॅग लावून स्कूटीवरून जातात.

मग आपण यातून काय घ्यायचं?

आपल्यापैकी बहुतेकांना विद्यापीठ काढायचं नाहीये. कुणाला परीक्षा पास व्हायचंय, कुणाला नोकरीत वर जायचंय, कुणाला छोटा धंदा उभा करायचाय. त्यासाठी अण्णांच्या सवयींपैकी चार गोष्टी सहज घेता येतील.

एक, उशीर झालाय म्हणून सुरुवात टाळू नका. अण्णांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामं चाळिशीच्या आगेमागे सुरू झाली आणि विद्यापीठ तर निवृत्तीनंतर.

दोन, आहे ती नोकरी नीट करा आणि तिच्या जोडीनं आपलं काम लहान प्रमाणात सुरू करा. सगळं जुळून येण्याची वाट बघू नका. आणि एखादा मार्ग चालत नाही असं दिसलं तर मार्ग बदला, काम सोडू नका.

तीन, हिशोब चोख ठेवा. पैशाचा ठेवा, वेळेचा ठेवा आणि दिलेल्या शब्दाचाही ठेवा. बोलण्यात कमी असलात तरी चालेल, लोक विश्वासावर काम देतात.

चार, घरच्यांना विचारा. तुमच्या मेहनतीचा भार त्यांच्यावर किती पडतोय ते त्यांच्याच तोंडून ऐका. अण्णांचं इथं थोडं चुकलं होतं, आपलं चुकायला नको.

साताऱ्याच्या परीक्षेच्या दारातून परत फिरलेल्या त्या पोराला पुढे काय होणार याची काहीच कल्पना नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की परीक्षा पुढच्या वर्षीही आहे. तुमचाही या वर्षीचा प्रयत्न हुकला असेल तर आज रात्री फार विचार करू नका. उद्या सकाळी किती वाजता अभ्यासाला बसायचं ते ठरवा आणि त्या वेळेला बसा.